गिटार मागे का पडते

९ फेब्रुवारी, रविवार

डबा घरात आला. मेव्हण्याने स्वतः आणून जोडून दिला आणि निघताना म्हणाला, "भाऊजी, आता तुमच्याकडे सबब उरली नाही." हे वाक्य मला आवडलं नाही, म्हणून लिहून ठेवतोय.

डबा म्हणजे जेवणाच्या डब्याएवढी एक लोखंडी वस्तू. वर चार खटके, मध्ये छोटा पडदा. गिटारची वायर एका बाजूने आत जाते, दुसऱ्या बाजूने कॉम्प्युटरकडे निघते. आत म्हणे गिटारचा आवाज मोठा करणारे शंभरावर अ‍ॅम्प आहेत. अ‍ॅम्प कसले, अ‍ॅम्पच्या नकला. माझा खरा, काचेच्या व्हॉल्व्हचा अ‍ॅम्प कपाटाशेजारी चादर पांघरून बसलाय. तो दोघांशिवाय उचलत नाही, आणि लावला की खालच्या मजल्यावरची बाई जिना चढून वर येते. डबा फक्त हेडफोनमध्ये वाजतो. खोलीत ऐकू येते ती नुसती तारांची टकटक.

आम्ही चौघं कॉलेजपासून एकत्र वाजवतो. मी गिटार, मेव्हणा बेस, आमचा पिंप ड्रम्स (नाव आकारावरून पडलंय, त्याची हरकत नाही), आणि दातवाला गातो, म्हणजे दिवसा लोकांचे दात काढतो. आजवर दुसऱ्यांचीच गाणी वाजवली. आता स्वतःची सहा गाणी रेकॉर्ड करायची ठरली आहेत. प्रत्येकाने आपापल्या घरी, कानात कॉम्प्युटरचे टिकटिक ठोके ऐकत वाजवून मेव्हण्याकडे पाठवायचं, तो सगळं एकत्र बसवणार.

त्याची एक अट आहे. डब्यातून निघालेला आवाज तर पाठवायचाच, पण सोबत कोरा ट्रॅकही द्यायचा. म्हणजे अ‍ॅम्पची नक्कल चढण्याआधीचा, नुसत्या तारेचा, बोडका आवाज. मी विचारलं, कोरा कशाला? म्हणाला, "नंतर आवाज बदलावासा वाटला तर." कुणाला वाटला तर, हे त्याने सांगितलं नाही.

मी वजनमापं तपासणारा निरीक्षक आहे. दुकानांचे काटे, पेट्रोलपंपांची मापं. मला पगारच संशय घेण्याचा मिळतो. घरी येऊन तो खुंटीला टांगता येत नाही, असं बायको म्हणते.

११ फेब्रुवारी, मंगळवार

आवाज चांगला आहे. हेच मला खटकतंय.

डोळे मिटून माझ्या अ‍ॅम्पच्या नकलेवर वाजवलं आणि फरक सांगता आला नाही. ऑफिसातून आल्या आल्या बसलो होतो, हातही गरम होता. पहिल्या गाण्याच्या अंतऱ्याची एक ओळ अशी वाजली की माझी मलाच दाद द्यावीशी वाटली. ठेवून दिली.

१५ फेब्रुवारी, शनिवार

डब्याची चोरी पकडली. तो उशीर करतो.

मी तार दाबतो आणि स्वर माझ्या मागून येतो. नेहमी नाही. साधे सरळ कॉर्ड असले की बिनबोभाट चालतो. पण धावत्या जागा आल्या, बोटं लांब टाकायची वेळ आली, की मागे पडतो. याचा अर्थ उघड आहे, जड काम त्याला झेपत नाही.

मेव्हण्याला फोन केला. तो म्हणाला कॉम्प्युटर थोडा वेळ घेतोच, अमुक आकडा कमी करा. केला. आवाज तडतडायला लागला, उशीर तसाच.

"भाऊजी, तो उशीर इतका बारीक असतो की माणसाला कळतच नाही."

"मला कळतो," मी म्हणालो.

तो नको इतक्या गोडीने म्हणाला, "बरं, बघू." मेव्हणा गोड बोलायला लागला की मी सावध होतो.

सकाळी पेपर वाचताना डाव्या हातातला कप निसटला. बायकोने तुकडे भरून टाकले. संध्याकाळी बघतो तर सगळे कप कपाटात आणि माझ्यासाठी मोठ्या कानाचा जाडजूड मग. पाहुण्यांना कप आणि घरधन्याला बादली. काटकसरीला पण काही सीमा असावी.

२२ फेब्रुवारी, शनिवार

डबा पिशवीत घालून दुकानात गेलो. तिथला विक्रेता अंबाडा घालतो. त्याला म्हटलं, तुमचा माल मागे पडतो. त्याने जोडला, गिटार घेतली आणि माझ्याकडून ती अवघड जागा ऐकून जशीच्या तशी वाजवली. ठोक्यावर. पुन्हा वाजवली, पुन्हा ठोक्यावर.

"काका, डबा व्यवस्थित आहे. वायर बदलून बघा हवी तर."

वायर घेतली. पण माझं समाधान झालेलं नाही. इतकी वर्षं दुकानं पाहतोय, तपासणीला माणूस उभा राहिला की सगळे काटे बरोबर होतात. मी सगळा वेळ पडद्यावरच नजर ठेवून होतो, त्यात कुठेच लबाडी दिसली नाही. मधूनच त्याच्या करंगळीकडे लक्ष गेलं. फार सुटी होती, नुसती टेकवत होता. तरुण आहे.

नव्या वायरनेही उशीर तेवढाच. पहिलं गाणं होतं तसं पाठवून दिलं. ऑफिसात एसी फार लावतात, त्याने हात आखडतो हेही खरं.

१ मार्च, शनिवार

पहिलं गाणं एकत्र होऊन आलं. मी ऐकलं आणि खुर्चीतून उठलो. माझी गिटार ठोक्यावर होती. सुरुवातीपासून शेवटपर्यंत, एकही जागा मागे नाही.

पाच मिनिटं फार आनंदात गेली. मग डोकं चालायला लागलं. मी पाठवली ती गिटार उशिरा वाजत होती, हे मला पक्कं माहीत आहे. कुणीतरी हात मारलाय.

बायकोला ऐकवलं. गाणं अर्ध्यावर असतानाच ती म्हणाली, "छान झालंय हो." ऐकायच्या आधीच माहीत असल्यासारखी. दुपारी ती गॅलरीत फोनवर हळू आवाजात बोलत होती. मी दार उघडल्यावर एकदम मोठ्याने म्हणाली, "आणि काय, सिलिंडर आला का तुमच्याकडे?" पलीकडे तिचा भाऊ होता. भावाबहिणीचं काहीतरी शिजतंय, आणि त्यात सिलिंडरचा संबंध नाही.

८ मार्च, शनिवार

सापडलं.

जाड तारेवरून बोट सरकलं की एक बारीक किरकिर होते. टाळू म्हटलं तरी टळत नाही आणि दर वेळी वेगळी होते, कधी लांब, कधी आखूड. पहिल्या गाण्यात ती किरकिर प्रत्येक अंतऱ्यात एकाच ठिकाणी येते. तेवढीच लांब, तेवढीच मोठी. माणसाकडून असं होत नाही.

कॉम्प्युटरवर आवाज रेषांत दिसतो; दोन अंतरे कापून एकावर एक ठेवले. रेष न रेष जुळली. तिसरा ठेवला, तोही जुळला. आणि ही ओळ कुठली, तर पहिल्या मंगळवारची, ऑफिसातून येऊन वाजवलेली.

म्हणजे मेव्हण्याने माझी ती एक चांगली ओळ उचलली आणि गाणंभर चिकटवली. मी वाजवलेलं बाकी सगळं फेकून दिलं. त्या गाण्यात माझं खरं वाजवणं काही सेकंदांचं आहे.

आता कोरा ट्रॅक कशाला हवा होता तेही कळलं. माझे दहावीस तुकडे जमा झाले की त्यांतून हवं ते गाणं शिवता येईल, वर हवा तो अ‍ॅम्प चढवता येईल. मग माझी गरज काय? उद्या दुसरा कुणी आणून बसवला तरी मला पत्ता लागायचा नाही. आणि बायकोला हे माहीत आहे.

९ मार्च, रविवार

मेव्हण्याला घरी बोलावलं. जुळलेल्या रेषा समोर धरल्या आणि काही न बोलता बसून राहिलो. दुकानदारांवर हा उपाय चालतो.

"केलंय मी," तो म्हणाला. "भाऊजी, तुमचं मागे पडत होतं. आधी नुसतं पुढे सरकवून पाहिलं."

"मग तुकडे कशाला चिकटवलेस?"

"काही स्वर वाजलेच नव्हते. सरकवायला आधी ते असायला तर हवेत."

"तुझा डबा गाळतो ते."

त्याने बहिणीकडे पाहिलं. ती दारातच उभी होती. "अहो," ती म्हणाली, "एकदा हात दाखवून या."

"कुणाला?"

"डॉक्टरांना. दुसऱ्या कुणाला?"

मी म्हटलं, माझ्या हाताला काही झालेलं नाही, तुम्हा दोघांना मला बाजूला सारायचं असेल तर तोंडावर सांगा. मेव्हणा उठला. चहा ठेवलेला होता, तसाच गेला.

तो गेल्यावर बायको म्हणाली, "तुमच्या शर्टाची बटणं दोन महिने कोण लावतंय?"

"मी घाईत असतो म्हणून तू लावतेस."

तिने भावाचा गार झालेला चहा ओतून टाकला. 

१२ मार्च, बुधवार

एका वाणसामानाच्या दुकानात तपासणी. उजव्या हाताने नोंद करत डाव्या हाताने प्रमाण वजन उचललं, ते पडलं. वाकून घेतलं, पुन्हा पडलं. दुकानदाराने उचलून पारड्यात ठेवलं आणि म्हणाला, "राहू द्या साहेब, मी ठेवतो." इतकी अदब पाहून मला वाटलं, काट्यात नक्की गडबड आहे. तीनदा तपासला. काटा बरोबर होता.

१६ मार्च, रविवार

आज डब्याची रीतसर तपासणी केली. त्याचा गुन्हा सिद्ध करून मेव्हण्याच्या हातात कागद ठेवायचा होता.

आधी काटा शून्यावर. डब्यातून बाहेर येणारी वायर पुन्हा त्याच्याच आत लावली आणि ठोके सोडले. गेलेला ठोका आणि परत आलेला ठोका एकमेकांवर नेमके बसले. शून्य.

मग डावा हात लावलाच नाही. नुसत्या मोकळ्या तारा, उजव्या हाताने, ठोक्याबरोबर. सगळ्या वेळेवर.

मग डाव्या हाताची पहिली दोन बोटं. वेळेवर.

मग उरलेली दोन. अनामिका मागे पडली. करंगळी तिच्याही मागे, आणि मधूनमधून तिचा स्वर उमटलाच नाही. मी पाहत होतो, ती तारेवर होती. मी दाबतोय असं मला वाटत होतं.

पुन्हा केलं. गिटार बदलून केलं. शेवटी जुन्या अ‍ॅम्पवरची चादर काढली. त्यात कॉम्प्युटर नाही, आकडे नाहीत, लबाडी करायला जागाच नाही. तीच जागा वाजवली. तेवढाच उशीर. खालची बाई वर आली, दार वाजवलं, माझा चेहरा पाहिला आणि "काही नाही, सहज" म्हणून परत गेली.

काटा बरोबर असेल आणि तरी भरत नसेल, तर माल कमी आहे. किती दुकानदारांना हे तोंडावर सुनावलंय मी. त्यावर ते जसे गप्प बसतात तसाच मी बसून राहिलो. फार घाबरलो होतो. डबा खोटा निघावा अशी मनातून प्रार्थना करत होतो, हे आता लिहायला हरकत नाही.

बायको आत कपड्यांच्या घड्या घालत होती. मी म्हणालो, "माझी दोन बोटं चालत नाहीत."

"माहितीय," ती म्हणाली. शर्टाची घडी अर्धीच राहिली. "बाटलीचं झाकण उघडत नव्हतं ना तुम्हाला, तेव्हापासून. येत्या शनिवारी नंबर लावलाय. सांगायचं कसं तेच कळत नव्हतं. तुम्ही लगेच आमच्यावर केस उभी करता."

२२ मार्च, शनिवार

डॉक्टर बाई आहेत, बोलतात थोडं. हाताला वायरी लावल्या, कोपराजवळ विजेचा बारीक चटका द्यायचा आणि तो करंगळीपाशी किती वेळात पोचतो ते मशीनवर मोजायचं. उजव्या हाताला ठीक. डाव्याला पुन्हा पुन्हा मोजलं.

"उशीर होतोय," त्या म्हणाल्या.

मी गेला महिनाभर हाच शब्द घेऊन दुकानात आणि मेव्हण्याशी भांडत होतो. तक्रार बरोबर होती, फक्त ती भलत्याच यंत्राविरुद्ध होती.

सवयीने विचारलं, हे मशीन शेवटचं कधी तपासून घेतलंय? बायकोने कपाळाला हात लावला. डॉक्टरीणबाईंनी मशीनच्या बाजूला डकवलेला दाखला दाखवला. तारीख ताजी होती.

कोपरापाशी नस दाबली गेली आहे. ऑपरेशन करून मोकळी करतील. आणखी बिघडणार नाही एवढं त्या नक्की सांगतात. गेलेलं किती परत येईल ते सांगता येत नाही, काही महिने वाट बघायची. लवकर यायला हवं होतं, असंही म्हणाल्या.

"गिटार?" मी विचारलं.

"बघू," त्या म्हणाल्या.

घरी येताना बायकोने माझा डावा हात धरला होता. दोन बोटांना तिचा हात कळत नव्हता.

३० मार्च, रविवार

मेव्हण्याला फोन केला. मी काही म्हणायच्या आत तो म्हणाला, "भाऊजी, माफी वगैरे नको हं, मला अवघडायला होतं." मग मीही नाही मागितली. 

पाच गाणी निघतील. त्यांसाठी मी पाठवलेले तुकडे जोडून, सरकवून तो ती उभी करेल. आता माझी ना नाही. प्रश्न सहाव्याचा. ते गाणं माझं आहे. गिटारने सुरू होतं आणि गिटार त्यात एक ओळ दोनदा वाजवत नाही. तिथे चिकटवायला तुकडाच नाही. बाकी तिघांनी आपापलं कधीच वाजवून ठेवलंय.

तो चाचरत म्हणाला की दुकानातला तो अंबाडेवाला चांगला वाजवतो, विचारलं तर येईल. नंतर म्हणाला, नाहीतर तुमचा हात बरा होईपर्यंत थांबू.

"आणि नाही झाला तर?"

तो पुन्हा अंबाडेवाल्याबद्दल बोलायला लागला.

"ऑपरेशनच्या आधी मीच वाजवणार," मी म्हटलं. "उशिरा तर उशिरा. पण तू काही सरकवायचं नाहीस. केसभरसुद्धा नाही. ऐकायला वाईट लागलं तर ते गाणं काढून टाक, पण सरकवू नकोस."

"सगळ्यांबरोबर ऐकताना ते उघडं पडेल, भाऊजी."

"पडू दे."

तो म्हणाला, "बरं. शब्द दिला."

५ एप्रिल, शनिवार

वाजवलं. जिथे करंगळी नाहीच लागत तिथे मधलं बोट ताणून नेलं. ते लांबून येतं, त्याला वेळ लागतो. बायको शेजारी दुसरा हेडफोन लावून बसली होती. इतक्या वर्षांत तिने मला असं कानाशी कधी ऐकलं नव्हतं. शेवटी म्हणाली, "पुन्हा वाजवू नका. हेच द्या."

मला ठोक्यापासून सुटलेली प्रत्येक जागा ऐकू येत होती. तरी पाठवलं. ऑपरेशन गुरुवारी आहे. यानंतर वाजवता येईल की नाही ठाऊक नाही, आणि हा विचार एकदा आला की जात नाही.

२७ एप्रिल, रविवार

डावा हात अजून कोपरापाशी बांधलेला. बोटांना मुंग्या येतात. त्या येणं चांगलं की वाईट, डॉक्टरीणबाई सांगत नाहीत.

सकाळी सहावं गाणं आलं. बायकोने लावून दिलं. पहिल्या काही ओळी गिटार एकटी आहे, मग सगळे येतात. सगळे आले आणि माझं डोकं सणकलं. गिटार मागे पडत नव्हती. जिथे मी हमखास अडखळलोय तिथेही सगळ्यांच्या बरोबर होती. शब्द दिला होता त्याने मला.

फोन हातात घेतला होता. बायको म्हणाली, "आधी तपासा तरी. नेहमी तपासता ना?"

मी पाठवलेला कोरा ट्रॅक काढला आणि गाण्यातल्या गिटारवर ठेवला. रेष न रेष जुळली. एक स्वर सरकवलेला नाही, एक बदललेला नाही. माझ्या चुका जिथल्या तिथे होत्या. मग ही वेळेवर कशी?

ठोके चालू केले आणि गाणं त्यांवर लावलं. माझी गिटार उशिरा होती, आधी होती तेवढीच. ड्रम्स वेगळे काढून ऐकले. तेही उशिरा. बेस उशिरा. दातवाल्याचा आवाज उशिरा. मी जिथे थांबलोय तिथे सगळे थांबलेत, मी थांबलोय तेवढेच. मधलं बोट लांबून यायला जो वेळ घेतं तेवढा वेळ पिंपाची काठी हवेत आहे.

मेव्हण्याला करायचा फोन पिंपाला केला.

"आधीचं पुसलं आम्ही," तो म्हणाला. "ठोके बंद केले आणि तुझा कोरा ट्रॅक कानात घेऊन पुन्हा वाजवलं. सुट्ट्या गेल्या माझ्या त्यात. तू कुठे अडतोस ते पाठ करायला लागलं, लेका."

"अरे, पण ते चुकीचं आहे."

"कुणाच्या मानाने? आपण चौघं तर बरोबर आहोत."

मला रडू आलं आणि ते फोनवर त्याला ऐकू गेलं. त्याने ते ऐकलं नाही असं दाखवलं आणि हात कसा आहे, जेवतोस का, असलं काहीबाही विचारत राहिला.

फोन ठेवल्यावर बायकोने विचारलं, "लागला का छडा?"

"लागला," मी म्हणालो. तिला दुसरा हेडफोन दिला, ठोके बंद केले आणि गाणं पहिल्यापासून लावलं.